नाताळचा डबा मिस्सेनंतरच उघडायचा

ऑफिसमध्ये दर नोव्हेंबरला हेल्थ चेकअप असतं, त्याचे रिपोर्ट मी वर्षानुवर्षं नुसते कपाटात टाकत आलो. २०२४ च्या नोव्हेंबरात एचबीए१सी ६.३ आलं. डॉक्टरांनी समजावलं की ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात दिसते त्यामुळे आदल्या रात्री काय खाल्लं ते सांगून सुटका नाही. टेपने कंबर मोजली तर १०१ सेंटीमीटर, आपल्याकडच्या पुरुषांची ९० च्या आत हवी म्हणाले. त्या रात्री घरी येऊन सगळ्या जुन्या फाईली काढल्या आणि वजनाचे आकडे एका कागदावर उतरवले. २०१७ ला ७४ किलो आणि आता ८३.४.

बायको तो कागद बघत बसली होती, ती म्हणाली तुझं वजन वर्षभर वाढत नाही रे, नाताळात वाढतं. आणि खरंच तसं होतं, कारण दर जानेवारीत मी घरच्या काट्यावर उभा राहून दोन किलो वाढले म्हणून हळहळतो, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला की शुक्रवारचं मटण बंद, दारू बंद, त्यात एखाद किलो उतरतो, उरलेला तसाच राहतो आणि पुढचा नाताळ त्याच्यावर चढतो. सात वर्षं हेच चाललं होतं आणि मला वाटायचं वय झालं म्हणून पोट सुटतंय.

माझ्यासाठी हा विषय नुसत्या पोटाचा नाही. डॅडींना डायबिटीस होता. २०१२ च्या जानेवारीत त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला, डिसेंबरात नवीन बूट चावले होते, जखम झाली, सणाच्या गडबडीत कुणी बघितलं नाही आणि तेही काही बोलले नाहीत. त्या अख्ख्या नाताळात त्यांच्या ताटात कुणी ना कुणी वाढत होतं, सणाला काय होतंय, खा. मीही वाढलेलं आहे. माझ्या हाताने फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे तळलेले गोळे, वाढलेत त्यांना. २०१५ ला ते गेले आणि आजही मला ते ताट आठवतं. त्यामुळे या वेळी ठरवलं की हा नाताळ नीट करायचा, म्हणजे सण पूर्ण करायचा, मम्मीचं मन मोडायचं नाही, पण ६ जानेवारीला काट्यावर उभं राहिल्यावर ८४ च्या आत असायचं.

आता आमच्या वसईतल्या नाताळाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही गिरीजच्या बाजूला राहतो, चारी बाजूला कॅथलिक वस्ती, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासनेचा विधी, मराठीतून. सुरुवात दिवाळीपासूनच होते कारण शेजारच्यांकडून फराळाची ताटं येतात, आणि आम्ही नाताळात त्यांच्याकडे आमचा फराळ पाठवतो, म्हणजे कुलकुल (शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे), नेवऱ्या (आमच्या करंज्या), केक, खजुराचे रोल. नोव्हेंबरात लग्नं. मग आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार धरून तयारीचे दिवस, त्यात शक्यतो लग्नं लावत नाहीत, आणि २५ तारीख झाली रे झाली की २६ पासून परत लग्नांचा धडाका जो सुरू होतो तो थेट उपवासकाळाच्या तोंडापर्यंत. त्यामुळे बाहेर लोक म्हणतात ख्रिसमसला काय एक दिवस जेवाल, पण आमच्याकडे तो एक दिवस नाहीच.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिला फोनवर सगळं सांगितलं. तिने मला बर्मिंगहॅमच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २०१८ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. २७२ लोक घेतले होते, त्यातल्या अर्ध्यांना नाताळच्या दिवसांत आठवड्यातून निदान दोनदा वजन करून लिहून ठेवायला सांगितलं आणि एक तक्ता दिला की अमुक पदार्थ खाल्ला तर तो जिरवायला किती चालावं लागेल. बाकीच्यांना नुसतं आरोग्याचं एक पत्रक. शेवटी दोन्ही गटांत सरासरी अर्ध्या किलोचा फरक पडला. अर्धा किलो ऐकायला काहीच नाही वाटत, पण माझा सात वर्षांचा कागद समोर होता, त्यामुळे मला त्या अर्ध्या किलोची किंमत लगेच कळली.

१ डिसेंबरला रविवार होता, आगमनकाळाचा पहिला रविवार, चर्चमध्ये दर रविवारी एक लागते त्यातली पहिली जांभळी मेणबत्ती लागली आणि त्याच सकाळी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने वजन लिहिलं, ८३.४. सोमवार आणि गुरुवार हे वजनाचे वार ठरले. सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. कॅलेंडर सगळ्यांना दिसतं हे मला आधी नको वाटत होतं पण बायकोने तिथेच लिहायला लावलं आणि ते बरं झालं.

चालायला वेळ कुठून काढायचा हा मोठा प्रश्न होता. मी सकाळी सव्वासातला घर सोडतो, वसई रोडवरून अंधेरी, परत यायला आठ वाजतात, लोकलमध्ये उभं राहून जीव अर्धा झालेला असतो. मग असं केलं की संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा थेट घरापर्यंत न घेता पापडीला उतरायचं आणि पुढे चालत यायचं, पाऊण तास पकडा. पहिला आठवडा फार जड गेला, बॅग खांद्यावर, रस्त्याला गाड्या, भूक लागलेली. दुसऱ्या आठवड्यात घराघरांवर तारे लागायला लागले, वाड्यांच्या तोंडाशी पोरं येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बांधायला बसलेली, गवत आणि माती आणि लाइटच्या माळा, आणि मग ते बघत बघत रस्ता कधी संपायचा कळायचं नाही. रविवारी पहाटे बायको आणि मी भुईगावच्या किनाऱ्यावर जायचो, सुरूच्या झाडांतून थंडी अंगावर येते त्या दिवसांत, ओल्या वाळूवर एक तास भरभर चालायचं. आठवड्यातून तीन वेळा घरातच ताकदीचा व्यायाम, खुर्ची धरून उठाबशा, ओट्याला हात टेकून पुशअप, पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या उचलणं. जिमची फी भरून न जाण्याचा अनुभव आधी घेतलेला होता त्यामुळे तो विषयच नाही काढला.

१५ तारखेला, आगमनकाळाच्या तिसऱ्या, गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी, कुलकुल करायचा कार्यक्रम. हा आमच्या घरातला माझा सगळ्यात आवडता दिवस. जमिनीवर चादर अंथरायची, मध्ये परात, मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडं तूप आणि साखर घालून मळलेला गोळा, आणि सगळे गोल करून बसतात, मम्मी, आम्ही दोघं, लेक, धाकटा भाऊ आणि त्याचं कुटुंब. सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर, म्हणजे जेवायच्या काट्याच्या, अंगठ्याने दाबून पसरायची आणि खालून वर गुंडाळत आणायची, की शंखासारखा वळलेला, रेघा पडलेला कुलकुल तयार. मम्मी अजूनही केसांना न लावलेला कंगवा वापरते, तो फक्त याच कामासाठी वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. ऐंशीच्या घरात आहे पण तिच्या कुलकुलाच्या रेघा सगळ्यात बारीक. मग तळण, पहिल्या घाण्याचा वास सुटला की हात आपोआप पुढे जातो. दर वर्षी मी इथेच सुरुवात करायचो, तळताना दहा-पंधरा, डब्यात भरताना दहा, मग येता-जाता डबा उघडून मूठभर, २४ तारखेपर्यंत आमचा एक डबा संपलेला असायचा आणि मम्मी परत करायची.

या वेळी मी किचनमधला वजनकाटा घेऊन बसलो होतो. वीस कुलकुलांचे साधारण शंभर ग्रॅम भरले. मैदा, तेल आणि साखर हिशेबात धरली तर शंभर ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास कॅलरी, आणि माझ्या वजनाच्या माणसाने तासभर भरभर चाललं तर तीनशे-सव्वातीनशे जळतात. म्हणजे टीव्ही बघत खाल्लेली एक वाटी आणि स्टेशनवरून घरी येणं दोन वेळा. हे मी मोठ्याने बोललो तेव्हा भावाने हातातला कुलकुल परातीत ठेवला, आणि मम्मी नाराज झाली. सणाच्या पदार्थाचं वजन करतात का, म्हणाली. मला वाईट वाटलं, कारण तिच्या जागी ती बरोबर होती.

पण थोड्या वेळाने तिनेच एक गोष्ट सांगितली ज्याने माझं काम झालं. तिच्या लहानपणी आगमनकाळात कुणी गोडधोड तोंडाला लावत नसे. फराळ करून डब्यात भरायचा, डब्याला फडकं बांधायचं आणि डबा माळ्यावर. २४ ला रात्री मिस्सा झाली, घरी येऊन गोठ्यात बाळ येशूला ठेवलं, प्रार्थना म्हटली की मग तिचे वडील डबा खाली काढायचे आणि सगळ्यांच्या हातावर एकेक द्यायचे. ते सांगताना तिने ओंजळ करून दाखवली. मग मी म्हटलं मम्मी यंदा तसंच करू. ती लगेच उठली आणि जुनी ओढणी फाडून दोन डब्यांना गाठ मारून दिली. तेव्हापासून नियम घरात माझा राहिलाच नाही, मम्मीचा झाला, आणि तिने बांधलेली गाठ सोडायची हिंमत आमच्या घरात कुणात नाही.

नऊ दिवस डबे माळ्यावर होते. २३ तारखेला सोमवारी काटा ८२.९ दाखवत होता, नाताळच्या आधी वजन कमी झालेलं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

२४ ची रात्र. मिस्सेवरून येऊन लेकीने बाळ येशू गोठ्यात ठेवला, आम्ही उभं राहून गायन म्हटलं, मम्मीने गाठ सोडली आणि प्रत्येकाच्या हातावर एक नेवरी आणि चार-पाच कुलकुल ठेवले. ती नेवरी मी दात लावून हळूहळू खाल्ली, आतलं खोबरं, वेलची, थोडा रवा, सगळं वेगळं वेगळं लागत होतं. इतकी वर्षं २४ ला रात्री मला फराळाचा कंटाळा आलेला असायचा.

२५ ला दुपारी मी काहीही मोजलं नाही, ते आधीच ठरवलेलं. इंदेल (मांसाचं आंबट-तिखट कालवण), फुगे, चिकन, पुलाव, बायकोने केलेला केक. फक्त तीन गोष्टी पाळल्या. सकाळी नाश्ता टाळला नाही, दोन अंडी आणि एक भाकरी खाऊन घेतली, कारण उपाशी राहून जेवायला बसलो की मी किती खातो ते मला चांगलं माहीत आहे. ताटात आधी वाडीतल्या मुळ्याची आणि टोमॅटोची कोशिंबीर आणि वालाच्या शेंगांची भाजी घेतली, मग इंदेल आणि तीन फुगे. फुग्याचं पीठ पूर्वी ताडी घालून फुगवायचे, आता बहुतेक घरी यीस्ट घालतात, पण मैद्याचं, नारळाच्या दुधाचं आणि तळलेलं ते आहेच, आणि इंदेलचा आंबट-तिखट रस त्यात मुरला की थांबणं कठीण. आणि तिसरं म्हणजे जेवून झाल्यावर सोफ्यावर आडवं न होता आम्ही सगळे, अगदी मम्मीसुद्धा काठी घेऊन, आजूबाजूचे गोठे बघायला बाहेर पडलो. तासभर फिरलो असू. जेवणानंतर पाय चालले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात हे डॉक्टरांनी सांगितलेलं, पण मम्मीला मी एवढंच म्हटलं की चल गोठे बघून येऊ.

२६ ला गुरुवार, वजनाचा वार. काटा ८४.६. तीन दिवसांत पावणेदोन किलो. मी तिथेच उभा राहिलो, इतकं वाईट वाटलं की कॅलेंडरवर लिहूच नये असं झालं. भाचीला मेसेज केला तर तिचा लगेच फोन आला. तिने हिशेब मांडला की एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७,७०० कॅलरी, तू रोजच्यापेक्षा बारा-तेरा हजार कॅलरी जास्त खाल्ल्यास का? अर्थातच नाही. मैदा, भात, साखर खाल्ली की शरीर ते ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यात इंदेलचं मीठ, त्याने आणखी पाणी. हे पाणी आहे, दोन-तीन दिवस घरचं साधं जेव, खाली येईल. हे जर मला आधी माहीत असतं तर मागच्या सात वर्षांत मी दर २६ ला आता गेलंच सगळं म्हणून मोकळा सुटलो नसतो. पुढचे पाच दिवस मी जे खायचो ते याच एका समजुतीने खायचो.

आणि खरी कसोटी त्या पाच दिवसांतच लागते हे मला आता पटलेलं आहे. २५ चं जेवण एकच असतं. २६ ते ३० मध्ये सुट्टी घेतलेली असते, घरात बसलेलो असतो, फ्रिजमध्ये इंदेल (ते जितकं शिळं तितकं चांगलं लागतं), टेबलावर केक, डबे आता माळ्यावरून खाली आलेले, आणि दर तासाला कुणीतरी भेटायला येतं, त्यांच्यासमोर फराळ ठेवायचा आणि सोबत म्हणून आपणही उचलायचं. २७ ला माझा तोल गेला. सकाळपासून पाच घरचे पाहुणे आले, मी प्रत्येकासोबत थोडं थोडं खाल्लं, दुपारी जेवलो, संध्याकाळी भाऊ आणि त्याचे मित्र आले, तीन पेग झाले. साठ मिलीच्या एका पेगात १३०-१४० कॅलरी असतात आणि त्यासोबतचं चकणा वेगळं. चाललो नाही, व्यायाम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको काहीच बोलली नाही, तिने फक्त टेबलावरचे दोन्ही डबे उचलले, पाहुण्यांपुरतं एका छोट्या बरणीत काढलं आणि बाकीचे सगळे कुलकुल आणि नेवऱ्या कागदी ताटांत भरून लेकीला गल्लीतल्या ज्या घरी अजून फराळ गेला नव्हता तिथे पाठवून दिलं. इंदेल छोट्या डब्यांत भरून फ्रीझरला. अर्ध्या तासात घर मोकळं. मी हे स्वतः करायला हवं होतं.

२८ ला शनिवारी आणि २९ ला रविवारी लग्नं. चर्चमधला विधी संध्याकाळी, रिसेप्शनचं जेवण उघडेपर्यंत रात्रीचे साडेनऊ-दहा, तोपर्यंत स्टार्टर फिरत असतात आणि पोटात कावळे. दोन्ही दिवशी घरून निघताना वाटीभर डाळ, एक अंडं आणि केळं खाऊन गेलो. हॉलवर सोडा-लिंबू घेऊन उभा राहिलो. एका काकांनी तीन वेळा विचारलं काय रे आजारी आहेस का, तिसऱ्या वेळी मी त्यांना सरळ सांगितलं की साखर बॉर्डरला आली आहे आणि डॅडींचं तुम्हाला माहीत आहे. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ डॅडींबद्दल बोलत राहिले. मग बँड सुरू झाला तर मला ओढून नाचायला नेलं. दोन तास नाचलो असेन, शर्ट पिळून काढावा इतका घाम.

३० ला सोमवारी ८३.९. ३१ ला रात्री पोरांनी बांधलेला म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळला, एक ग्लास घरची द्राक्षांची वाईन घेतली आणि केकचा एक तुकडा. १ जानेवारीला पहाटे भुईगावला, किनाऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं, भाऊही आला होता, त्याला धाप लागत होती म्हणून हळू चाललो.

६ जानेवारीला सोमवारच होता. ८३.६. म्हणजे १ डिसेंबरपासून २०० ग्रॅम वाढले, दर वर्षी दोन किलो वाढतात त्या जागी. मी बायकोला हाक मारून काटा दाखवला, तिने चष्मा लावून वाकून बघितलं आणि स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर आकडा लिहिला.

चालणं पुढे चालू ठेवलं, सोमवार-गुरुवार चालू ठेवले. ५ मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस होता, त्याच आठवड्यात तपासणी परत केली. एचबीए१सी ६.०, कंबर ९८, वजन ८१.८. डॉक्टर म्हणाले अजून खाली यायला हवं, सहा महिन्यांनी परत करा. हो, अजून बरंच बाकी आहे.

त्या ६ तारखेला संध्याकाळी गोठा काढला, मूर्ती कागदात गुंडाळल्या. मम्मीने डबे घासून उन्हात पालथे घातले होते ते आत आणले, फाडलेल्या ओढणीचे दोन्ही तुकडे धुऊन, घडी करून डब्यात ठेवले, वर कंगवा ठेवला आणि मला म्हणाली, पुढच्या वर्षी मैदा अर्धाच आण, पण गाठ मीच बांधणार.